आठ अंडी, चौदा औंस लोणी

१२ ऑगस्ट १९६१, शनिवार. त्या दुपारी डॅब्नींच्या दुकानातून माझा आठवड्याचा पगार हातात पडला: अठ्ठावीस डॉलर पन्नास सेंट. आमच्या काळ्या लोकांपैकी तंबाखूच्या वखारीत किंवा शेतात न राबता, खुर्चीवर बसून पगार घेणारा गावात मी एकटाच होतो. पुढे जे झालं त्यात या आकड्याचा वाटा मोठा आहे, म्हणून तो आधी सांगून टाकला.

त्या खुर्चीपर्यंत मला पोचवलं आमच्या चर्चने, आणि चर्चमध्येही मुख्यतः मिस आर्लीथा बून यांनी. आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मिसच म्हणतात. मी दोन वर्षं डरहॅमला हिशेबाचं शिक्षण घेत होतो, तेव्हा माझ्या फीसाठी दर महिन्याला प्रार्थनेनंतर जेवणाची ताटं विकली जात. मासे कोणीही तळत असे. केक मात्र मिस आर्लीथांचाच, दहा सेंटला एक काप. लोक मासे संपायच्या आधी केक संपेल म्हणून उलट्या क्रमाने जेवत.

मिस आर्लीथा उंच, हाडकुळ्या, साठी ओलांडलेल्या. आठवडाभर दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करून पोट भरायच्या. परसात सात कोंबड्या होत्या आणि त्यांना आमच्या चर्चच्या आजवरच्या पाद्रीणबाईंची नावं दिलेली होती. सर्वांत कमी अंडी घालून सर्वांत जास्त ओरडणारी कोंबडी सध्याच्या पाद्रीणबाईंच्या नावाची होती. हे साऱ्या गावाला माहीत होतं, एका पाद्रीणबाईंना सोडून.

केकची कृती त्यांच्या आईची. तपकिरी कागदावर पाच ओळी: पौंडभर लोणी, पौंडभर साखर, पौंडभर मैदा, पौंडभर अंडी, चिमूटभर जायपत्री आणि मीठ. मिस आर्लीथांच्या घरात ना काटा होता ना मापाचा कप. साखर आणि मैदा डॅब्नींच्या दुकानातून एकेक पौंडाच्या पिशवीत बांधून यायचा, तो त्या सगळाच्या सगळा ओतायच्या. लोणी मिस कॉर्डी स्पाइट्सकडचं. तिच्या वडिलांनी कोरलेल्या लाकडी साच्यातून बरोबर पौंडाची वीट निघे. अंडी स्वतःच्या कोंबड्यांची, मोजून नऊ.

"एकदा तरी मोजून बघा," असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "मोजायचं काम दुकानदाराचं. त्याचं काम मी फुकट कशाला करू? तो येतो का माझ्या इस्त्र्या करायला?"

म्हातारे डॅब्नी एप्रिलमध्ये वारले. माणूस कडक होता, आम्हाला मागच्या दारानेच आत घ्यायचा, पण त्याचं वजन खरं होतं. त्याचा मुलगा क्लेटन गल्ल्यावर बसू लागला आणि जूनपर्यंत मला आकड्यांत एक गोष्ट दिसली. साखरेचं पोतं शंभर पौंडांचं. त्यातून एकशे चौदा पिशव्या विकल्या जात होत्या. मैद्याचंही तेच. पोत्याला पिल्लं होत नाहीत, एवढं समजायला डरहॅमला जायची गरज नव्हती.

मी एकदाच क्लेटनसमोर वही धरली.

"मी भरताना सांडत नाही," तो हसत म्हणाला. "म्हणून जास्त निघतात. तुझं काम काय रे थर्मन? आकडे लिहायचं की आकड्यांना प्रश्न विचारायचं?"

"लिहायचं, सर."

"मग लिही."

नंतर एका दुपारी दुकानात कुणी नसताना मी काट्याच्या ताटाखाली हात घातला. लोखंडाचा एक तुकडा चिकटवलेला होता. दोन औंस. पौंड सोळा औंसांचा. पाच पौंड घेणाऱ्याचेही दोनच औंस जात आणि एक पौंड घेणाऱ्याचेही दोनच. एकेक पौंड घेणारे सगळे आमचेच लोक. मी तुकडा होता तिथेच ठेवला, हात पुसले आणि जागेवर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी, १३ ऑगस्टला, चर्चचा परतभेटीचा रविवार होता. उत्तरेला गेलेली माणसं त्या दिवशी गावी येतात. फिलाडेल्फियाहून, नेवार्कहून, मोटारी झाडाखाली लागतात, आणि झाडाखालच्या लांब टेबलावर मधोमध मिस आर्लीथांचा केक असतो. एप्रिलनंतरचा हा त्यांचा पहिलाच केक. त्यांनी फडकं काढलं तेव्हा तो मध्ये खचलेला होता. कापला तर आत एक ओला, तेलकट पट्टा. काप ताटात उभा राहीना.

"सिस्टर आर्लीथा, यंदा खीर केलीत वाटतं?" पाद्रीणबाई म्हणाल्या.

फिलाडेल्फियाहून आलेला कुणीतरी म्हणाला, "सहाशे मैल गाडी हाकली मी, चमचा आणायचा राहिला."

लोक हसले. वाईट हसू नव्हतं, पण हसले. मिस आर्लीथाही हसल्या. मग त्यांनी केकवर पुन्हा फडकं टाकलं, ताट उचललं आणि रस्त्याने चालत घरी गेल्या, जेवायलाही थांबल्या नाहीत. मी माझ्या ताटातला तेलकट तुकडा खाल्ला. माझ्या तोंडात घास होता, हे मला त्या वेळी बोलायचं टाळायला पुरेसं कारण वाटलं.

त्यानंतर त्यांचे आणखी दोन केक बसले. सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी मला घरी बोलावलं.

"तू शिकलेला आहेस, बाळा. इथे खुर्चीवर बस आणि बघ. माझं कुठे चुकतंय ते मला सांग."

मी बसलो. त्यांनी लोण्याची वीट मातीच्या मोठ्या वाडग्यात टाकली आणि हातानेच फेसायला लागल्या. पिवळं लोणी पांढरट होईपर्यंत. साखर मूठ मूठ, प्रत्येक मुठीनंतर शंभर फेरे. अंडी एकेक, आधीचं जिरल्याशिवाय पुढचं फोडायचं नाही. मैदा तीनदा चाळून, वरून पाऊस पाडल्यासारखा. जायपत्री नखावर घेऊन. मग मधे नळी असलेल्या भांड्यात ओतून थंड भट्टीत ठेवलं आणि विस्तव नंतर पेटवला. त्यांच्या आईची तीच रीत. कुठेही चूक नव्हती. असा हात मी नंतर कुठल्याही कामात पाहिला नाही.

"आईचा हात असाच गेला होता," भट्टीकडे बघत त्या म्हणाल्या. "आधी केक बसायला लागला. मग सुई धरता येईना. मग घास. वर्षभरात आटोपली. मी काही मरायला भीत नाही रे. पण हात आधी जाऊ नये. इस्त्री करणार कोण? मला खायला कोण घालणार, त्या कोंबड्या?"

सव्वा तासाने त्यांनी झाडूची काडी खुपसून पाहिली. केक वर आला होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत खाली बसला. त्यांनी स्वतःचा उजवा हात उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटं एकेक करून मिटून, उघडून पाहिली.

त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. तुमचा हात ठीक आहे, दुकानाचा काटा खोटा आहे. नोकरी गेली असती. क्लेटनने मला गावात राहू दिलं असतं की नाही, माहीत नाही. आईची औषधं माझ्याच पगारातून येत होती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा खुर्ची जास्त प्यारी होती.

मी वाक्य बोललो नाही. मी हिशेब केला. मैदा आणि साखर चौदा औंस. म्हणजे लोणीही चौदा औंस हवं. नऊ अंड्यांचे सोळा भाग करून चौदा घेतले तर जवळजवळ आठ. डोक्यात पाच सेकंद लागले.

"हात ठीक आहे तुमचा," मी म्हणालो. "कोंबड्या खाऊन पिऊन अंडी मोठी घालतायत. आठच घाला. आणि मिस कॉर्डीचा साचा किती वर्षांचा? लाकूड आतून झिजलं असणार. तिची वीट पौंडापेक्षा जास्त भरते. आठवा भाग कापून बाजूला ठेवा."

त्यांनी लगेच दुसरं भांडं काढलं. त्या वेळचा केक फुगला, तसाच राहिला, आणि वर जुन्यासारखी सोनेरी चीर पडली. आकाराने थोडा लहान होता. मिस आर्लीथांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. मैद्याचे हात. मग तो तपकिरी कागद पुढे केला. "तुझं अक्षर चांगलं आहे. तूच लिही." मी नऊवर रेघ मारून आठ लिहिलं, आणि लोण्यापुढे 'आठवा भाग कमी'.

त्या रविवारी त्या चर्चमध्ये उभ्या राहिल्या. "ज्या पोराला आपण केक विकून शिकवलं, त्याने माझा केक मला परत दिला," त्या म्हणाल्या. सगळे 'आमेन' म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आठ महिने केक चांगले होत राहिले. पण मिस आर्लीथांना एक गोष्ट टोचत होती: कॉर्डी आपल्याला पैशांपेक्षा जास्त लोणी देते आणि आपण ते मुकाट्याने घेतो. जूनमध्ये न राहवून त्यांनी तिला सांगितलं. मिस कॉर्डी आपल्या वजनाबद्दल फार मानी. वडिलांचा साचा झिजून खोटा झाला, इतके दिवस आपण लोकांना चुकीचं माप दिलं, या लाजेने तिने तो चुलीत घातला आणि टपालाने पत्र्याचा नवा मागवला. ही बातमी मला दुकानात कळली. तेव्हाही मी काही बोललो नाही.

जुलैत राज्याचा वजनमापांचा तपासनीस आला. त्याने ताटाखाली हात घातला, तुकडा काढून गल्ल्यावर ठेवला, दंड केला आणि काट्याला मोहोर लावली. मला विचारलं, "तू हिशेब ठेवतोस ना? तुला माहीत नव्हतं?" मी म्हणालो, "मी फक्त लिहितो, सर." अंधार पडायच्या आत गावभर झालं: पौंडामागे दोन औंस, पंधरा महिने.

त्यानंतरच्या गुरुवारी मिस आर्लीथांचा निरोप आला. टेबलावर केक होता, कोरडा, वरून भेगाळलेला, सुरी लावताच भुगा होणारा.

"बस," त्या म्हणाल्या. 'बाळा' म्हणाल्या नाहीत. "कॉर्डीच्या नव्या साच्यातली पहिली वीट आली तेव्हा मी जुन्या विटेशेजारी ठेवून बघितली. बोटभरही फरक नाही. तेव्हा म्हटलं, असेल काही. आपल्याला काय कळतं. आता काल खऱ्या पौंडाचा मैदा आणला, खऱ्या पौंडाची साखर आणली, तुझी आठ अंडी घातली, तुझा आठवा भाग कापला. हे बघ काय झालं."

मी केककडे बघत होतो.

"सोळातले दोन म्हणजे किती रे?"

"आठवा भाग."

"मला हिशेब येत नाही, पण केक येतो. तुला लोण्यातून आठवाच भाग कसा सुचला? सातवा का नाही? दहावा का नाही?"

मी टेबलावरचा भुगा बोटाने गोळा करू लागलो.

"तू इथे बसून मला हात उघडून-मिटून बघताना पाहिलंस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सहा आठवडे मी रात्री उठून सुईत दोरा ओवून बघत होते. जमतंय का अजून. चोर तो क्लेटन आहे, त्याचं मला नवल नाही. पण त्याची चोरी माझ्या आईच्या कागदावर लिहिलीस तू. माझ्या घरात बसून, तुझ्या त्या चांगल्या अक्षरात."

"मिस आर्लीथा, मी त्या साखरेचे, मैद्याचे, सगळे पैसे..."

"गप. तुझे पैसे कुणी मागितले?" त्यांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. मी आठ खोडून नऊ लिहिलं. आठवा भाग खोडला. कागद तिथे इतका पातळ झाला होता की पेन आरपार गेलं.

"मी कुणाला काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी नाही. चर्चने दहा दहा सेंट दिलेत, त्यांना आपण काय विकत घेतलं ते कळू नये म्हणून. पण कॉर्डीकडे जा. बापाचा साचा जाळला तिने. नव्या साच्याचे पंच्याऐंशी सेंट पडले तिला. ते दे, आणि कशाचे ते तुझ्या तोंडाने सांग."

मी तिथूनच गेलो. मिस कॉर्डी ओसरीवर शेंगा सोलत होती. शेजारच्या दोघी बसल्या होत्या.

"या हिशेबनीस!" ती म्हणाली. "बघा गं, याच्यामुळे माझं माप सुधारलं. नाहीतर मी मरेपर्यंत लोकांना खोटा पौंड विकला असता आणि देवाने वर दारातच अडवलं असतं. म्हणाला असता, कॉर्डी, आधी ते लोणी मोजून दाखव."

त्या दोघी हसल्या. पैसे माझ्या मुठीत होते. मी प्यायला पाणी मागितलं, प्यालो, भांडं परत दिलं आणि आलो.

डॅब्नींच्या दुकानात मी आणखी तीन वर्षं होतो. नंतर काउंटीच्या शाळांच्या हिशेब खात्यात लागलो. येत्या जूनमध्ये तिथून निवृत्त होईन. मिस आर्लीथा त्यानंतर अकरा वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत त्यांचा हात चालत होता. दर परतभेटीच्या रविवारी त्या मला सगळ्यांइतकाच मोठा काप द्यायच्या. देताना म्हणायच्या, "घ्या, मिस्टर ग्रीअर." लोकांना वाटायचं, माझी बढती झाली म्हणून मान देतायत.

मिस कॉर्डी त्याच वर्षी नोव्हेंबरात मुलीकडे नेवार्कला गेली आणि पुढे तिथेच वारली. मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे. पंच्याऐंशी सेंट अजून द्यायचे आहेत.