टेकलेली टाच

त्या दिवशी मी मालकांच्या अंगणात पडले आणि आई हसली.

आमचं गाव तेरजवळ. आई मालकांच्या घरी धुणीभांडी करायची. माझी उजवी टाच जन्मापासून जमिनीला लागत नव्हती. त्या पायानं मी चवड्यावरच चालायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, टाचेमागची शीर आखूड आहे, ऑपरेशन करून लांबवू. आई त्यासाठी सुट्टी मागायला गेली. मला सोबत नेलं.

आमच्या वस्तीतली माणसं त्या अंगणात उकिडवीच बसत. मांडी घातली असती तर घरच्यासारखं बसल्यासारखं झालं असतं. आई बसली. मी उभी.

"तुला येगळं सांगावं लागतंय व्हय गं?" मालक म्हणाले.

"तिला न्हाय बसता येत, मालक. टाच टेकत न्हाय."

"बघू तरी."

मी बसले. मागं कलंडले. ओसरीवरचे पाहुणे हसले.

"कोंबडीला जमतंय की गं! बस परत," मालक म्हणाले.

परत बसले. परत पडले. आईनं पाहुण्यांकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि तीही हसली.

सुट्टी मिळाली. मालक म्हणाले, "न्ये. नीट करून आण. उद्या तुझ्या जागी हीच लागंल."

शीर लांबवली. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी दवाखान्यात उभी राहिले. टाचेला फरशी गार लागली. त्या टाचेलाही गार लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आई खाली वाकून टाच आणि फरशीच्या मधे बोट घालून बघत होती. बोट जाईना. ती तिथंच रडत बसली.

पाय बरा झाल्यावर मालकांनी बोलावलं. "हं, आता बस."

"बसता येतं. बसणार नाही."

"माय, बस की," आई उकिडवी बसूनच माझा हात ओढत म्हणाली. तिचं डोकं माझ्या कमरेशी होतं. मी बसले नाही.

आईनं मला पुन्हा तिथं नेलं नाही. ती मात्र जात राहिली. मी शिकले, कळंबला शाळेत शिकवायला लागले. मी काम सोड म्हटलं की ती विषय बदलायची. त्या हसण्याबद्दल ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही.

यंदा आई गेली. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मालकांचा मुलगा दारात आला.

"ताई, उद्यापासून वहिनीला पाठवा. ओळखीचं माणूस बरं असतंय."

वहिनी माझ्या भावाची बायको. ती मान हलवायच्या बेतात होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या घरातून आता कुणी येणार नाही."

"मग भांडी कुणी घासायची?"

"तुमची आहेत. तुम्ही घासा."

तो आल्या पावली गेला.

वहिनी गेली नाही. तिची मुलगी जाणार नाही. हे बघायला आई नाही.