बेचाळिसावं डोकं

भोंगाबाई,

गाईडचा बिल्ला गेल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. टोचलं तर टोचू दे. थोरली बहीण आहे मी. गोड बोलायचा मक्ता कधी घेतला नव्हता.

घरात तुला भोंगा म्हणत, आणि त्याच आवाजावर तू एकोणतीस वर्षं गाईडचं काम केलंस. जहाज धक्क्याला लागलं की बिल्ला लावून बसच्या पुढच्या दांड्याला टेकून उभी! दीपगृह, जुना बाजार, टेकडीवरचा किल्ला, आणि पाचच्या आत पाहुणे परत जहाजावर. तुझा नवरा म्हणायचा, "मलाही कधी पाहुणा समज, म्हणजे हसून बोलशील."

डोकी मोजायची तुझी पद्धत ठरलेली. मागून पुढे यायचं, शेवटी स्वतःच्या छातीला बोट. बेचाळीस भरले की बस हलायची. त्या दिवशी कंपनीने दुसरी फेरी गळ्यात मारली होती. किल्ल्यावर ड्रायव्हरचा मेहुणा गुपचूप मागच्या सीटवर येऊन बसला. "बाई, आटपा!" ड्रायव्हर ओरडला. तू मोजलंस, बेचाळीस भरले, बस सुटली. वर बाकावर एक म्हातारा डुलक्या घेत राहिला आणि जहाज त्याला टाकून गेलं.

कंपनीने हात झटकले. ड्रायव्हरला मेहुणा आठवेचना. बुधवारी अकराला पर्यटन ऑफिसात तुझ्या बिल्ल्याचा फैसला होता. त्याआधीच्या शनिवारी तू लेखी खुलासा घेऊन माझ्याकडे आलीस.

"ताई, त्या ऑफिसातली मोठी बाई तुझी विद्यार्थिनी. तू नेऊन दिलास तर वाचेल तरी."

मी लाल पेन काढलं. "मेहुणा चौथ्या पानावर? आधी तीन पानं रडगाणं? परत लिही."

"जसा आहे तसा दे ना गं."

"माझ्या हातून असलं काही जाणार नाही."

मंगळवारी तू नवा आणलास. मी त्यावरही खुणा केल्या. तू चिडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसते कागद माझ्या टेबलावर ठेवलेस आणि म्हणालीस, "आता तूच बघ, ताई. पण अकराच्या आत."

बुधवारी अकरा वाजले तेव्हा मी दुसरं पान स्वच्छ अक्षरात उतरवत होते.