सूनबाईचा नाच आणि माझी खुर्ची

परवा संध्याकाळी आपल्या संभाजीनगरात, भरल्या नाट्यगृहात, मी चालू कार्यक्रमात स्टेजवर चढलो. कुणीतरी व्हिडिओ काढलाय म्हणे... तो तुमच्यापर्यंत यायच्या आधी मीच सांगून टाकतो.

आमची सूनबाई संगीता मोबाइलच्या ॲपवरून काम घेते. बायका घरबसल्या फेशियल बुक करतात आणि ही पार्लरची जड बॅग खांद्याला लावून, मुकुंदवाडीहून शेअर रिक्षानं त्यांच्या दारात जाते. तिथं गेल्यावर बाईसाहेबांची अंघोळ व्हायची असते, वॉचमन आत सोडत नाही, मग ही गेटबाहेर उभीच. लांब कुठं टेकायला जावं तर नकाशावरचा हिचा ठिपका हलतो आणि कंपनीचा मेसेज येतो, कुठं चाललात म्हणून.

त्या उभं राहण्यानं डावा पाय सुजला. डॉक्टरांनी ताकीद दिली की जास्त वेळ उभं राहायचं नाही. तर या बाईनं काय करावं... नाचात नाव दिलं.

पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. ॲपवर काम करणाऱ्या माणसांवर त्यांना नाच बसवायचा होता, आणि शिकलेल्या नर्तकांबरोबर खरी काम करणारी माणसंही हवी होती. पत्रिकेवर 'आंतरविद्याशाखीय नृत्यप्रयोग' असं छापलेलं. मी सातवी पास माणूस... शेजारच्या पदवीधरांना विचारलं, तर त्यांनाही धड सांगता येईना.

महिनाभर तालीम चालली. मी रोज पायाचं विचारायचो आणि ती म्हणायची की माझ्या वाट्याला नाच नाहीच, मला नुसतं उभं राहायचंय. म्हणजे डॉक्टर जे नको म्हणाले, नेमकं तेच. आणि तेही फुकटात.

मुलाची वाळूजला सेकंड शिफ्ट, म्हणून मी एकटाच गेलो. एसी एवढा गार की मी कानाला रुमाल बांधला. जागा मिळाली पहिल्या रांगेत, अगदी स्टेजच्या पायऱ्यांपाशी... तिथंच चुकलं.

मागच्या पडद्यावर आपल्या शहराचा नकाशा आणि त्यावर लुकलुकणारे ठिपके. पोरं-पोरी पाठीला चौकोनी पिशव्या लावून धावत होती, पडत होती, परत धावत होती. गाणं नाही, गोष्ट नाही, नुसतं मोबाइलचं टिंग टिंग... दोनदा तर मी माझाच फोन काढून बघितला.

मग सगळे आत गेले. मधोमध संगीता. खांद्याला तीच बॅग, हातात फोन, मागच्या नकाशावर एकच ठिपका. आणि उभी... नुसती उभी.

आधी बरं वाटलं. आपली सून एवढ्या उजेडात, एवढी माणसं तिच्याकडं बघतायत. पण वेळ सरेना. ती भार डाव्या पायावरून उजव्यावर घ्यायची, परत डाव्यावर. चपलेचा पट्टा सुजेत रुतलेला मला खालून दिसत होता. मागचे गृहस्थ बायकोला हळूच सांगत होते की देहबोली बघ किती सूक्ष्म आहे. अहो, कसली देहबोली... पाय ठणकतोय तिचा.

मॅडम विंगेत उभ्या होत्या. मी हात केला, पायाकडं बोट दाखवलं. त्यांनी मलाच गप्प बसायची खूण केली. मग माझं डोकं सरकलं.

दाराशी तिकीटवाल्याची प्लास्टिकची खुर्ची होती. ती उचलली, गुडघा धरत पायऱ्या चढलो आणि तिच्या मागं नेऊन ठेवली.

"बस."

ओठ न हलवता ती म्हणाली, "मामा, खाली जा. शो चालूये."

"शो गेला खड्ड्यात. आधी बस."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू... आणि बसली. मग टाळ्याच टाळ्या, लोक उभे राहिले. मला उतरायची वाट सापडेना, मी आपला खुर्चीची पाठ धरून उभा.

नंतर मॅडम डोळे पुसत आल्या. उद्याच्या प्रयोगातही हे असंच करा म्हणाल्या, शेवट केवढा उंचावला म्हणे. मला वाटलं, चला, काहीतरी नीट झालं आपल्या हातून.

रिक्षात संगीता बॅग मांडीवर घेऊन बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "मामा, मी बसणारच होते."

शेवट तोच होता म्हणे. बॅग खाली टाकायची, फोन वाजत राहू द्यायचा, आणि सगळ्यांदेखत जमिनीवर फतकल मारायची. मॅडमनी नाही, हिनंच सुचवलेला.

"आता कुणीतरी बसा म्हणेल म्हणून रोज वाट बघते मी," ती म्हणाली. "एकदा तरी कुणी न म्हणता बसायचं होतं. तुम्ही लई घाई केली."

भलं करायला जावं तर हे असं. मला आधी सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ते वेगळं.

काल सकाळी मीच मॅडमना फोन लावला. मी स्टेजवर येणार नाही, खुर्चीही नको, असं सांगितलं. त्या हिरमुसल्या, बराच वेळ समजावत राहिल्या. मी म्हटलं, शेवट तिचा आहे, तिला करू द्या.

संध्याकाळी परत गेलो. या वेळी मुद्दाम मधल्या रांगेत बसलो, उठायचं म्हटलं तरी उठता येऊ नये म्हणून. ती उभी राहिली आणि माझी चुळबुळ सुरू झाली... मग एकदम बॅग धपकन खाली. फोन वाजत होता, वाजतच होता. ती जमिनीवर बसली, चपलेचा पट्टा सोडला, पाय लांब केला आणि कुणाकडंही बघितलं नाही.

आदल्या दिवसासारख्या टाळ्या काही पडल्या नाहीत. लोक एकमेकांकडं बघत राहिले. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, संपलं का?

मी म्हटलं, थांबा जरा... बसू द्या तिला.