मावशीची कच्ची शिवण

मावशीची शिवण म्हणजे लोखंड! पोतं फाटेल, पण टाका उसवायचा नाही. तीस वर्षं तिनं बंदराच्या गोदामात पोती शिवली, तिच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. आणि नेमक्या याच गुणानं घात केला.

तिची भाची पाणबुडी, खाडीत बुड्या मारून काम करणारी. खाडीच्या तळाशी पूर्वी समुद्री गवताचं कुरण होतं, माशांची पिल्लं त्यात लपायची. बोटींच्या नांगरांनी ओरबाडून ते उजाड केलं. भाचीनं ते पुन्हा पेरायचं मनावर घेतलं होतं. दोन पेरण्यांत गवत दिसलं नाही, तर मोठ्या बोटींसाठी तळ खणून टाकू, असं बंदरखात्यानं भाचीला बजावलं होतं. बी वाहून जाऊ नये म्हणून तागाच्या पिशव्यांत भरून खाली ठेवायचं होतं. "मावशी, पिशव्या तूच शिव," भाची म्हणाली.

मावशीला कोण आनंद! पाचशे पिशव्या शिवल्या, दुहेरी कापडाच्या, नायलॉनच्या दोऱ्यानं. पोरीच्या कामाला कमी का पडू द्यायचं?

तीन महिन्यांनी भाची पाण्यातून वर आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. एकही पातं नव्हतं. पाणीच खराब, असं बंदरातले शहाणे म्हणाले. मावशीनं तिच्याकडून एक पिशवी घेतली आणि कात्रीनं उसवली. आत कोंब वेटोळे घालून कुजले होते. बी उगवलं होतं, बिचाऱ्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

"पाण्याला कशाला दोष? मीच मारलं गं त्यांना," म्हणत मावशी ढसाढसा रडली.

"अगं, एकपदरी शिव असं मी तरी कुठं सांगितलं? अजून एक पेरणी आहे."

मग मावशी मुद्दाम वाईट शिवायला बसली. बोलायला सोपं! विरळ ताग, कच्चा सुती दोरा, लांब लांब टाके. हात सवयीनं घट्ट ओढायचा, की ती स्वतःच्याच हातावर चापट मारायची.

"म्हातारपणी हात बिघडला वाटतं!" गोदामातल्या बायका हसल्या.

"बिघडत नाहीये, बयांनो, मेहनतीनं बिघडवतेय!"

दुसऱ्या पेरणीनंतर तपासणीच्या दिवशी मावशी हट्टानं बोटीत चढली. बंदरखात्याच्या साहेबांनी काचेच्या तळाचा डबा पाण्यावर टेकवला आणि वाकून तळाकडे बघतच राहिले. मावशीला कुठला धीर! तिनं डबा हिसकावलाच. खाली हिरवंगार! वीतभर पाती डुलत होती, आणि त्यांच्यात बोटाएवढी पिल्लं.

"खणायचं रद्द," साहेब म्हणाले आणि तसं लिहूनही दिलं.

तेवढ्यात भाचीनं पाण्यातून डोकं काढलं. "मावशी, तुझ्या पिशव्या पार कुजल्या! चिंधीसुद्धा उरली नाही!"

एवढं कौतुक तिचं आजवर कुणी केलं नव्हतं. मावशी भर बोटीत उभी राहून टाळ्या पिटायला लागली, आणि साहेब बोटीची कड धरून ओरडत होते, "अहो बाई, बसा! बुडवाल सगळ्यांना!"