झाकण नसलेली टाकी

इथे आखातात, अल मजाजहून पहाटे निघालं की दीड तासात डोंगर लागतात. तिथल्या खजुराच्या बागांतल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधायच्या आणि औषध टाकायचं, ही माझी नोकरी. या विषयात मला कोणी शिकवलेलं खपत नाही. शिकवायला मात्र मी एका पायावर तयार.

एका बागेचा राखणदार इथिओपियाच्या उंच डोंगरातला, इथे राहून मोडकंतोडकं हिंदी शिकलेला. साठवलेल्या पैशांतून गावी काय करू, असं त्याने दोन वर्षांपूर्वी मला विचारलं. आम्हा रत्नागिरीकरांना दुसरं काय सुचणार? आखातातला पैसा गावी गेला की आधी घरावर स्लॅब पडतो, मग पाण्याची टाकी. म्हटलं, "टंकी बनाओ. बीवी को पानी लाने नीचे नहीं जाना पड़ेगा."

"ढक्कन?" त्याने विचारलं. इथे झाकण उघडं दिसलं की मी त्याला झापायचो ना!

मी हसलो. एवढ्या थंडीत मलेरियाचा डास वाढत नाही. वाढला तरी त्याच्या पोटातला जंतू तयार होण्याआधी तोच मरतो. "खलास, ढक्कन पे पैसा मत डालो." उंटावरचा शहाणा मी, त्याचा डोंगर फोटोतसुद्धा पाहिला नव्हता.

गेल्या महिन्यात त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला चार दिवस ताप होता. गाव म्हणत होतं सर्दीचा, कारण मलेरिया हा डोंगराखालच्या लोकांचा आजार. यालाच शंका आली आणि बायकोकडून त्याने टाकीचा फोटो मागवला. इतर डासांच्या अळ्या पाण्यात डोकं खाली करून लटकतात. फोटोतल्या अळ्या पाण्याच्या वरच आडव्या पडल्या होत्या, मलेरियाच्या डासाच्या पडतात तशा.

"अब उधर ठंडा नहीं, साब," तो म्हणाला. "रात को कंबल भी नहीं लगता."

टाकी रिकामी करा, पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, असं मी ओरडून सांगितलं. दवाखाना खाली, दिवसभराच्या पायवाटेवर. ती वाटेतच गेली.

पुढच्या खेपेला गाडीत मी हिंदीत वाक्यं जुळवत होतो. चूक माझी, ढक्कन मीच नको म्हणालो. उतरताच त्याने माझे दोन्ही हात धरले.

"मलेरिया है, पूरे गांव में किसी को मालूम नहीं था. आपने बताया. शुक्रिया, साब." मग म्हणाला, "छोटे को भी कल से बुखार है. हमारी टंकी खाली है. लेकिन हमारी देख के पड़ोस में सबने वैसी ही बनाई. अब आप बोलो, क्या करूं?"

मी बोललो. मुलाला खाली न्या, रक्त तपासा, सगळ्या टाक्या झाका. तो मान हलवत एकेक शब्द ऐकत होता. जुळवून आणलेलं वाक्य मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.