काचेमागचा जाळ

नातवंडांच्या बुटात वाळू साचते, तसे आम्हा म्हाताऱ्यांकडे किस्से साचतात. दारातच झटकून आत यावं, तरी सतरंजीवर सापडतातच. इथे जर्मनीत, उंटरश्लाइसहाइममध्ये, खेळाच्या मैदानाशेजारी आमचं एक बाकडं आहे. मुलगा-सून ऑफिसात, आम्ही पोरं सांभाळायला. मी आप्पा. चौथीपर्यंत शिकलो आणि जन्मभर टेम्पो चालवला. दुसरे रावसाहेब. रिटायर्ड हेडमास्तर, त्यामुळे बाकड्यावरही वर्ग घेतात. तिसऱ्या साताऱ्याच्या सुमनवहिनी. त्यांचा मुलगा निखिल इंजिनिअर, सून मानसी, आणि नात इरा, दोन वर्षांची होत आलेली.

हे किस्से सुरुवातीला हसवतात. शेवटपर्यंत हसाल याची गॅरंटी मी देत नाही.

*

निखिलने रो-हाऊस भाड्याने घेतलं. हॉलमध्ये गॅसची शेकोटी. रिमोट दाबला की काचेमागे जाळ. लाकूड नको, धूर नको, राख नको.

मी म्हटलं, "ही शेकोटी आहे की टीव्ही?"

"आप्पा, एकदम सेफ! जाळ काचेच्या आत आहे."

मी काचेजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"जाळ आत आहे रे बाबा. चटका बाहेर आहे!"

*

घरमालकीण माझ्याहून म्हातारी आणि माझ्याहून खडूस. एक दिवस स्वतः लोखंडी जाळी उचलून घेऊन आली. काचेवर बोट रोखलं, मग इराकडे, आणि निखिलला बरंच काही सुनावलं. मानसीने मला मराठीत सांगितलं, "ती म्हणतेय, शेकोटी बंद केल्यावरसुद्धा काच बराच वेळ तापलेली असते. जाळी पुढे लावा आणि भिंतीला स्क्रूने घट्ट बसवा."

निखिल मान हलवत होता. "गेनाऊ! गेनाऊ!"

म्हातारी गेली. जाळी काचेपुढे नुसती टेकवून ठेवली गेली. स्क्रू पुढच्या वीकेंडला.

इकडे आलेली आपली पोरं 'गेनाऊ, अगदी बरोबर' म्हणाली की समजायचं, एक अक्षर ऐकलेलं नाही!

*

त्या जाळीचा पहिला उपयोग रावसाहेबांनी केला. बर्फातून चालत आले आणि ओले मोजे तिच्यावर वाळत घातले.

"अहो काका, पेट घेतील!" मानसी ओरडली.

"लोकर पेट घेत नाही. मी विज्ञान शिकवायचो."

मोजे नायलॉनचे निघाले. घरभर असा वास सुटला की विचारू नका. इराला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. तिने नाक धरलं आणि म्हणाली, "श्टिंक्ट!"

हेडमास्तरांना एका शब्दात गप्प करणारी ती पहिलीच.

*

इराचा दुसरा वाढदिवस. केकवर मेणबत्त्या. पोरगी गाल फुगवून तयार, आणि वहिनी मधे पडल्या.

"घरातला दिवा तोंडाने विझवायचा? माझ्यासमोर नाही हो चालणार!"

"अहो आई, केक आहे तो."

"असू दे. जळतोय ना? मग दिवाच."

मेणबत्त्या संपेपर्यंत आम्ही उभे. सगळ्यांनी मेण काढून काढून केक खाल्ला. मग वहिनींनी निरांजन लावून पोरीला ओवाळलं. रोज संध्याकाळी त्या इराला आरती घ्यायला शिकवायच्या. दोन्ही हात ज्योतीवर, मग डोळ्यांना. पोरगी इतक्या मनापासून करायची, की एकदा मोबाईलमधल्या समईचीसुद्धा आरती घेतली तिने. आम्ही हसून हसून बेजार.

*

पुढच्याच रविवारी निखिलकडे पाहुणे. शेकोटीपुढे ग्रुप फोटो काढायचा होता. जाळी फोटोत पिंजऱ्यासारखी दिसते म्हणून बाजूला केली.

इरा चालत आली. जाळ बघून थांबली आणि दोन्ही हात पुढे केले.

"अय्या, आरती घेतेय बघा!" कुणीतरी म्हणालं. सगळे कौतुकाने वळले. एकीने तर मोबाईल काढला.

इराने दोन्ही तळवे काचेला लावले.

आपल्याला वाटतं, चटका बसला की पोर हात मागे घेईल. नाही घेत. तिथेच राहतं आणि ओरडतं. वहिनींनी ओढून घेतली तिला.

रावसाहेब टूथपेस्ट घेऊन धावले. मी ती ट्यूब हिसकावून फेकली. मानसीने हात नळाखाली धरले होते, आणि अँब्युलन्सला लावलेल्या फोनवरची बाई सांगत होती, पाणीच घाला, बर्फ लावू नका, दुसरं काही फासू नका. वहिनी शेजारी उभ्या राहून त्या एवढ्याशा तळव्यांवर नुसती फुंकर घालत होत्या. फू. फू.

*

हात बरे झाले. कातडी आखडली आहे, रोज मालिश लागते. निखिलने जाळी स्क्रूने बसवली. इतकी घट्ट, की आता भूकंपातही हलायची नाही. घरमालकीण आली, जाळी दोनदा हलवून बघितली आणि गेली.

वहिनींनी देव उचलून बॅगेत ठेवले. निरांजनही.

"अहो आई, जाळी आम्ही काढली होती," मानसी परत परत सांगायची.

"हात पुढे करायला मी शिकवलं."

बस. एवढंच उत्तर. त्यानंतर त्या इराला उचलेनात. बाकड्यावर हात कोटाच्या खिशात घालून बसायच्या. पोरगी झोपाळ्यावर चढवायला हाका मारायची आणि वहिनी मला म्हणायच्या, "आप्पा, तुम्ही घ्या हो तिला."

पुढे एक दिवस कळलं, त्यांनी परतीचं तिकीट काढायला सांगितलंय.

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मानसीने सासूला न विचारता बॅगेतून देव काढले, निरांजन लावलं. आरती झाली. ताट रावसाहेबांपुढे आलं, माझ्यापुढे आलं, मग वहिनींपुढे. त्या स्वेटरच्या खिशातले हात काढेनात.

"अहो आई, घ्या ना. जायच्या आधी एकदा."

बऱ्याच वेळाने वहिनींनी हात बाहेर काढले आणि ज्योतीकडे नेले.

इरा खुर्चीवर उभी होती. ती किंचाळली, "नाइन, आजी! हाइस!" म्हणजे नको, गरम आहे. तिने आजीची दोन्ही मनगटं धरून मागे ओढली, वाकली, गाल फुगवले आणि निरांजनावर फुंकर मारली.

निरांजन विझलं. वातीचा धूर वर गेला. रावसाहेब "अरे, अरे" म्हणायला लागले, मी त्यांचा पाय दाबला. मानसी ताट धरून तशीच उभी. सगळे वहिनींकडे बघत होते.

पोरगी आता आजीच्या तळव्यांवर फुंकत होती. फू. फू.

वहिनींनी तिला उचलून कडेवर घेतलं.

"बरं केलंस गं बाई," म्हणाल्या.