हेमानं फांदी परत ठेवली

माझ्या बायकोला मी एकोणचाळीस वर्षं ओळखतो, तरी दर दोन-चार वर्षांनी ती मला नव्यानं तोंडात बोट घालायला लावते. नाव हेमा. वय बासष्ट, उंची पाच फूट, वजन विचारलेलं तिला आवडत नाही. आमचं घर मालगुंडला, खाली समुद्राच्या बाजूला. तिची शाळा सड्यापलीकडच्या, म्हणजे वरच्या कातळी माळापलीकडच्या वाडीत. सव्वीस वर्षं ती सडा चढून शिकवायला गेली आणि सडा उतरून घरी आली. मी रत्नागिरीत कचेरीतला कारकून. एस्टीनं जायचो, एस्टीनं यायचो. चालणं हा प्रकार मला कधी मानवला नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

निवृत्त झाली तरी हिनं सडा सोडला नाही. रोज सकाळी काठी घेऊन निघायची, दोन तासांनी परत, साडीला सगळी कुसळं.

"अगो, आता कुणाची हजेरी घ्यायची आहे तिथं?" मी चिडून विचारायचो.

"माझी," ती म्हणायची. झालं! आणि कुसळं वेचायला बसायची.

गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखलं, दोन स्टेंट बसले. आमचा मुकुल पुण्याहून आला तो ठरवूनच आला. दोघं पुण्याला चला, फ्लॅट बघून ठेवलाय. उद्या बाबांना काही झालं तर आई एकटी इथं काय करणार? मुलगा वाईट बोलत नव्हता. आणि खरं सांगतो, हिच्या पाठीमागे मी त्याला 'हो' म्हणून बसलो होतो. मला मरणाची भीती नव्हती हो. पण मी गेल्यावर ही सड्यावर कुठं पडली तर उचलणार कोण, या विचारानं माझा डोळ्याला डोळा लागत नसे.

हेमानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकटीला जमणार नाही म्हणतोस ना मुकुल? बघू या."

तिनं तुर्कस्तानातली एक वाट शोधून काढली. समुद्राच्या कडेकडेनं, डोंगर चढत-उतरत जाणारी, पाचशे किलोमीटरच्या वर. तीस दिवस एकटी चालणार. कुणाची मदत न मागता पुरी केली, तर पुण्याचं नाव कुणी काढायचं नाही. नाही जमलं, तर येती दिवाळी पुण्यात, आणि पुढच्या सगळ्या दिवाळ्याही.

"एवढ्या लांब कशाला मरायला?" मी ओरडलो.

"सव्वीस वर्षं मुलांना नकाशात भूमध्य समुद्र दाखवला. एकदा पाय तरी भिजवून येते."

मुकुलनं पैज घेतली. आठ दिवसांत परत येईल, असा त्याचा हिशेब. माझाही तोच. त्यानं तिच्या पाठपिशवीला एक यंत्र अडकवलं. ती कुठं आहे ते दर मिनिटाला आमच्या मोबाईलवर निळा ठिपका दाखवणार. त्यावर एक लाल बटण. दाबलं की मदत येणार, आणि पैज संपणार. वाटेचं एक माहितीपुस्तकही आणून दिलं. ते बाईसाहेब टेबलावरच विसरल्या.

सप्टेंबरअखेर ती गेली आणि चालायला लागली. आठ दिवस झाले, दहा झाले, पंधरा झाले! मेतकूट आणि तिथला पाव खाऊन ही बाई डोंगरामागून डोंगर चढत होती. टाचेला फोड आला तर सुईनं फोडला, पट्टी बांधली आणि निघाली. संध्याकाळी फोन करायची. "अहो, समुद्र कसा निळा आहे म्हणून सांगू! आणि इथंही शेतांना दगडांचे गडगे आहेत, अगदी आपल्यासारखे. फक्त दगड पांढरे." न्हाव्याकडे, वाण्याकडे, कुणी विचारो न विचारो, मी आज किती चढ झाला ते सांगत सुटलो. ही हरावी असं वाटणारा मीच, आणि छाती माझीच फुगत होती. आता याला काय म्हणावं?

बाविसाव्या दिवशी दुपारी दीडला ठिपका वाट सोडून डोंगरात शिरला आणि थांबला. अडीच वाजले. साडेतीन वाजले. ठिपका जागचा हलेना. हिचा फोन लागेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मुकुलचा फोन आला. "बाबा, मी तिथल्या बचावपथकाला कळवतो. पैज गेली खड्ड्यात."

चुकीचं काय होतं त्यात? मी नुसतं 'कळव' म्हणायचं, की हिची खबर लागणार आणि वर पुणंही पदरात पडणार. मला हवं होतं ते सगळं. पण बावीस दिवस चाललेली ही बाई एका फोनानं हरणार, आणि तो फोन मी करायला लावणार? "पाच मिनिटं थांब," म्हटलं, आणि टेबलावरचं पुस्तक उघडलं. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं: वाटेत आडव्या फांद्या टाकलेल्या दिसल्या, तर ती आपली वाट नव्हे, मागे फिरा.

अगो बाई! मी कपाळावर हात मारला.

आमच्याकडे बागेला गडगा असतो, नुसते दगड रचून केलेली भिंत. तिच्यात माणूस जाईल एवढी फट ठेवतात आणि गुरं शिरू नयेत म्हणून फटीत काटेरी फांदी आडवी टाकतात. आपण ती उचलायची, पलीकडे जायचं आणि होती तशी परत ठेवायची. मालगुंडच्या बाईला आडवी फांदी दिसली तर ती मागे फिरेल? छट्! तिच्या दृष्टीनं तेच तर वाटेचं दार.

मोबाईलवर तिथला उपग्रहाचा फोटो मोठा करून पाहिला. कडा नव्हता, दरी नव्हती. लहान लहान शेतं, एक छप्पर, आणि ठिपका बरोब्बर गडग्यावर.

"मुकुल, तुझी आई कुणाच्या तरी बागेत शिरली आहे. एक तास दे मला."

"आणि बाबा, पडली असेल तर?"

"तर तो दोष माझा."

तो तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. देवापुढे बसलो, उठलो, परत बसलो. पाच मिनिटं कमी असताना ठिपका हलला. आल्या वाटेनं मागे निघाला, फटीपाशी जरासा थांबला आणि मूळ वाटेला लागला. कशाला थांबला ते मला कुणी सांगायला नको होतं. फांदी परत ठेवत होती! मी ओक्साबोक्शी रडलो.

संध्याकाळी फोन आला. "अहो, फांदी उचलताना गडग्याचे दगड ढासळले. तसंच टाकून कशी येऊ? काशीरामनं शिकवलंय ना मला." काशीराम म्हणजे आमच्या बागेचा गडगा रचणारा. "त्या बागेची म्हातारी आली. तिची भाषा मला कळेना, माझी तिला. आधी रागावली, मग दगड हातात द्यायला लागली. शेजारचाही भाग पडायला आला होता, तोही रचून दिला. चहा काय सुरेख केलान हो तिनं! आणि खरी वाट मागं राहिली, तेही हातानं दाखवलान. मोबाईल पिशवीतच मेला होता."

तिसाव्या दिवशी तिनं वाट पुरी केली. मुंबईला विमानतळावर मुकुल तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, दिवाळीला आम्ही येतो मालगुंडला."

घरी आल्यावर मी तिला सांगून टाकलं. "मी मुकुलला पुण्याचं 'हो' म्हटलं होतं."

"ठाऊक होतं. म्हणून तर गेले," ती म्हणाली. "मुकुलला काय दाखवायचंय? झोप तुमची उडाली होती."

परवा मी तिच्याबरोबर पहिल्यांदा सड्यावर गेलो. डॉक्टरांनी सांगितलंय, हळूहळू चाला. गडग्याच्या फटीपाशीच मला दम लागला, बसलो. ती काठी टेकत पुढे गेली, लहान लहान होत गेली. मी बघत होतो, आणि पहिल्यांदाच मला तिची काळजी वाटत नव्हती.

"फांदी ठेवलीत का हो?" ती लांबून ओरडली.

"ठेवली गो," मी म्हटलं, आणि उठून ठेवली.